मटण सोडलं, रस्सा कशाला सोडता?

प्रश्न: पत्र पुण्यात नोकरी करणाऱ्या ३१ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं आहे. माहेर साताऱ्याकडचं, सासर कोल्हापूरचं, आणि दोन्हीकडे रविवार म्हणजे मटण. आपल्या जेवणापायी जनावरांचे हाल नकोत म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिने मांस, मासे, अंडी आणि त्याबरोबर दूध, दही, तूपही सोडलं. कारण तिला आजही पटतं, जिभेला मात्र पटत नाही. सोयाबीनच्या वड्यांना वास येतो. बाजारातलं फ्रोझन ‘व्हीगन मटण’ महाग पडलं, शिवाय कुकरला तीन शिट्ट्या दिल्यावर त्याचा लगदा झाला. घरात मटण शिजणार नाही असं तिने जाहीर केल्यापासून नवरा रविवारी मित्रांबरोबर बाहेर जेवतो. ती स्वतः वरणभात, सॅलड आणि फळांवर आहे. वजन उतरलंय, केस गळतायत, दुपारी चारनंतर अंगात त्राण राहत नाही. सासूबाईंच्या मते हे फॅड चार दिवसांचं. तिचे प्रश्न दोन: हुबेहूब मटणासारखं लागणारं काही मिळतं का? आणि नाहीच मिळालं, नि मी हे सगळं सोडून दिलं, तर मी ढोंगी ठरते का?

प्रिय मैत्रिणी,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. नाही, ढोंगी ठरत नाही. मटणाची आठवण येते म्हणजे आपला निश्चय कच्चा, असा तुमच्या पत्राचा सूर आहे आणि तो मला मान्य नाही. तुम्ही मटण सोडलंत ते बकऱ्याचा विचार करून, चव नावडती झाली म्हणून नव्हे. मग रविवारी अकरा वाजता शेजारच्या खिडकीतून फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटणारच. त्याची लाज कसली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही नाहीच आहे. नळी चोखून खावी तसं, हुबेहूब मटण लागणारं काहीही बाजारात नाही. पण माझी खरी हरकत प्रश्नालाच आहे. तुम्ही मटणाच्या जागी एक पदार्थ शोधताय. ताटातलं मटण मात्र तीन निरनिराळी कामं करत होतं: रश्श्याला चव, दाताला काम आणि अंगाला प्रथिनं. ही तिन्ही कामं एकट्या पाकिटातल्या तुकड्याने करावीत असा हट्ट धरला की पदरी निराशाच येते. तीन कामं तिघांना वाटून द्या. बघा, किती सोपं होतं ते.

रश्श्यापासून सुरुवात करू, कारण पत्र वाचून माझी खात्री झालीय की तुम्हाला मटणापेक्षा रस्साच जास्त आठवतोय. तांबड्या रश्श्याची पहिली वाटी आपण तोंडाला लावतो, तेव्हा तिच्यात मटणाचा तुकडा नसतोच. चव असते ती तांबूस भाजलेल्या कांद्याची, काळपट होईतो भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची, तीळ-खसखशीची, आल्या-लसणाची आणि सासूबाईंच्या वर्षाच्या चटणीची. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: तिकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) यातलं सगळं झाडाझुडपांपासूनच आलेलं आहे. मटणाकडून रश्श्यात येतात त्या दोनच गोष्टी, अळणी पाण्याचा, म्हणजे मसाला न घालता मटण शिजवलेल्या पाण्याचा, मुरलेला स्वाद आणि चरबी. दोन्हींची सोय करता येते.

अळणी पाण्यासाठी पाव किलो बटण मशरूम घ्या. देठ वेगळे काढून बारीक चिरा आणि कोरड्या पातेल्यात, तेल न घालता, पाणी सुटून आटेपर्यंत आणि तळाला तपकिरी डाग धरेपर्यंत परता. ही पायरी गाळू नका, सगळा स्वाद त्या डागांत आहे. मग त्यात एक कांदा, ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, आल्याचा तुकडा, मिरी, तमालपत्र, चिमूटभर हळद आणि अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ घालून दीड लिटर पाणी ओता. मंद आचेवर पाऊण तास. कटाची आमटी करणाऱ्या घरात डाळीच्या पाण्याला किती अंग असतं हे सांगायला नको. नुसत्या भाज्यांचं पाणी पातळ, पोकळ लागतं. डाळ आणि मशरूम दोन्ही असले की ओठाला लागतं ते पाणी ‘काहीतरी’ लागतं. गाळून ठेवा. उरलेली डाळ वाटून वड्यांना वापरता येते.

आता तेल. मांस-दूध सोडलं की बहुतेक मंडळी त्याच आठवड्यात आरोग्याच्याही मागे लागतात आणि रश्श्याला चमचाभर तेलाची फोडणी देतात. मग वर लाल तेलाचा कट येत नाही, चटणी कच्ची लागते आणि दोष जातो मशरूमला. मसाल्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात नाही. मटण असताना चरबी आपसूक सुटायची, आता ती तुम्हाला घालायची आहे. चार माणसांच्या रश्श्याला निदान पाच-सहा मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल घ्या, वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता, चटणी गॅस बारीक करून घाला म्हणजे जळणार नाही आणि वरून अळणी पाणी कढत असतानाच ओता. गार पाणी ओतलं की कट बसतो. रोज नव्हे, आठवड्यातून एकदा हे खायचंय, तेव्हा हात आखडू नका. शेवटी हवी तर धुरी: रश्श्यात छोटी स्टीलची वाटी तरंगत ठेवायची, तिच्यात रसरसता कोळसा, वर एक लवंग नि अर्धा चमचा तेल, आणि तीन-चार मिनिटं झाकण. चुलीवरच्या मटणाची जी आठवण म्हणतात, तिचा मोठा हिस्सा धूर असतो.

पांढरा रस्सा याहून सोपा. भिजवलेले काजू, तीळ आणि खसखस गंधासारखी वाटून घ्या. तेलात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी तडतडवून त्यात हे वाटण, मग अळणी पाणी आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दाट दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळायचं नाही, फुटतं. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचाच असतो हे तुम्हाला ठाऊक आहेच, म्हणजे इथेही गायी-म्हशीचा प्रश्न नव्हता.

दुसरं काम दाताचं. इथे एकापेक्षा जास्त उमेदवार आहेत आणि प्रत्येकाची खोड निराळी.

आधी तुमच्या नावडत्या सोयाबीनच्या वड्या. लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीनची शेतं पसरलीत, मध्य प्रदेशाच्या जोडीने महाराष्ट्र त्यात देशात आघाडीवर आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात ते फक्त तेलाच्या पिशवीतून आणि वड्यांच्या पाकिटातून येतं. तेल काढून उरलेलं पीठ यंत्रात दाब आणि उष्णता देऊन फुलवलं की या वड्या होतात. वास त्यांच्यात असतो आणि उकळताना तो पाण्यात उतरतो. तुम्ही कोरड्या वड्या थेट रश्श्यात टाकत असाल, तर तो वास तुम्ही रश्श्यालाच देताय. मीठ आणि ठेचलेलं आलं घातलेल्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, ते पाणी फेकून द्या. गार पाण्यात टाका, मुठीत धरून कचकचून पिळा. पाणी फेसाळ, पिवळट निघेल. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. पिळून कोरड्या झालेल्या वड्या आता द्याल ते शोषतील, म्हणून त्यांना साधं पाणी प्यायला देऊ नका: आलं-लसूण, हळद, चटणी, मीठ आणि कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळून तासभर ठेवा. मोठ्या वड्या असतील तर अर्ध्या कापा. मग तेलात कडा तांबूस होईतो परता. रश्श्यात त्या फक्त शेवटची दहा मिनिटं. एवढं करूनही आवडल्या नाहीत तर सोडून द्या, सोयाबीन खाल्लंच पाहिजे असा नियम नाही.

वड्यांऐवजी सोयाचा चुरा मात्र एकदा करून बघाच, आणि त्याचा खिमा करा. मांसाची नक्कल करायची तर खिम्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. मोठ्या तुकड्यात दात लगेच चोरी पकडतात, खिम्यात त्यांना तेवढा वाव नसतो. चुरा वरच्यासारखाच धुऊन पिळायचा, त्यात तितकेच बारीक चिरलेले, कोरडे परतलेले मशरूम, थोडे मटार, खडा मसाला, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. मशरूमशिवाय केलात तर खिमा कोरडा, भुसभुशीत होतो. वर पुदिना, लिंबू. पाव मात्र लोणी न लावता तेलावर भाजा.

टोफूला आपल्याकडे पनीरची बदली म्हणून बोलावतात आणि मग तो फिका म्हणून हिणवतात. त्याला आधी तुकडे करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ वितळल्यावर तो जाळीदार होतो, दोन तळहातांमध्ये दाबला की पाणी निघून जातं आणि मसाला आत शिरतो. गोठवून दाबलेला टोफू चिकनच्या रश्श्याच्या वाटणात छान मुरतो. अंड्याच्या बुर्जीची आठवण येत असेल तर तोच टोफू कुस्करा आणि शेवटी चिमूटभर पादेलोण घाला. त्यातल्या गंधकाचा वास थेट अंड्याची आठवण देतो. आणि टोमॅटो ऑम्लेट तर आपल्या आयांनी अंड्याशिवायच केलंय.

धिंगरी (ऑयस्टर) मशरूम माझे लाडके. कापायचे नाहीत, हाताने लांबट फाडायचे. कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर पसरून वरून दुसरं जड भांडं दाबून ठेवायचं. पाणी जळून कडा कुरकुरीत झाल्या की मग तेल, चटणी, मीठ. सुक्का म्हणून भाकरीबरोबर वाढा. मशरूमच्या भाजीतला चिकट लिबलिबितपणा आवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा प्रकार एकदा खावा. (पावसाळ्यात रानातली अळंबी बाजारात येते ती ओळखीच्या, जाणत्या विक्रेत्याकडूनच घ्या, स्वतः काढायला जाऊ नका.)

कोवळ्या फणसाचा मोसम होळीच्या मागेपुढे. हाताला, विळीला तेल लावून चिरायचा, मीठ-हळद घालून वाफवायचा आणि बोटांनी सोडवायचा. धागे सुटतात तेव्हा पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. फणसाची बिर्याणी मला मटणाची नक्कल वाटत नाही, तो स्वतंत्र बडा पदार्थ आहे. पण एक ध्यानात ठेवा: कच्च्या फणसात प्रथिनं अगदी थोडी, १०० ग्रॅममध्ये २-३ ग्रॅम. तो दातासाठी आहे. ज्या दिवशी फणस, त्या दिवशी शेजारी उसळ हवी. परदेशात असलेल्या वाचकांना तो डब्यात मिळतो. मिठाच्या पाण्यातला, कोवळा, हिरवा असं वाचून घ्या, पाकातला घेतलात तर रश्श्याची खीर होईल.

आणखी एक, हौस असेल तर. चीनमधल्या बौद्ध मठांत गव्हाच्या चिवट भागाचं ‘मांस’ करण्याची रीत फार जुनी आहे, आणि कुरडया करणाऱ्या आपल्या बायकांना ते अर्धं येतंच. फक्त काम उलटं. आपण चीक ठेवतो नि बाकीचं टाकतो, इथे चीक धुऊन टाकायचा. मैद्याचा घट्ट गोळा मळून तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा, मग पाणी बदलत धूत राहायचा. पांढरं पाणी निघून जातं आणि रबरासारखा गोळा हातात राहतो. आलं-लसूण, मसाला आणि थोडं बेसन कालवून वाफवला, कापून तळला की चावायला दमदार लागतो. पहिल्यांदा केलात की हात दुखतील. आणि गव्हाचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

तयार पाकिटांना माझा विरोध नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे यात बरेच जण उतरले. उदयपूरची गुडडॉट आहे, रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी इमॅजिन मीट्स काढली. प्रवासात, पार्टीत, पाहुणे आल्यावर ही पाकिटं उपयोगी पडतात, रोजच्या जेवणाचा पाया होऊ शकत नाहीत, खिशाच्या दृष्टीने तर नाहीच. तुमचा लगदा झाला तो कुकरमुळे. हा माल बहुधा आधीच शिजवलेला असतो. पाकिटावर लिहिलंय तसा गरम तेलात परतायचा आणि तयार रश्श्यात शेवटची चार-पाच मिनिटं सोडायचा, शिट्टी एकही नाही. घेताना १०० ग्रॅममागे प्रथिनं किती आणि मीठ किती ते बघा. आणि हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो फक्त शाकाहाराचा, दूध-लोणी त्यात चालतं. २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी व्ही अक्षराचं वेगळं हिरवं चिन्ह आलंय, ते शोधा, नाही दिसलं तर घटकांची यादी वाचा. हॉटेलातली मलई चाप सोयाची असली तरी दही-मलईत मुरवलेली असते, हे नव्याने सोडणाऱ्यांच्या हमखास लक्षात येत नाही.

आता तिसरं काम, आणि इथे माझा आवाज जरा चढणार आहे. वरणभात, सॅलड आणि फळं! अहो, हे आजारातून उठलेल्या माणसाचं जेवण आहे, नोकरी करणाऱ्या बाईचं नव्हे. दुपारी चारला त्राण जातं त्याचं खापर निव्वळ व्हीगन असण्यावर फोडू नका, ताटात पुरेसं काही नाही हेही त्यामागे असू शकतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. निव्वळ वनस्पतींवर जगणाऱ्यांनी १ ग्रॅम धरलेलं बरं. म्हणजे तुमचं वजन ५५ किलो असेल तर ५५ ग्रॅम. कोरड्या सोयावड्यांत १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात, कच्च्या डाळी-कडधान्यांत २०-२५, शेंगदाण्यांत २५ च्या आसपास. सकाळी मोडाच्या मटकीची उसळ किंवा डाळीचं धिरडं, दुपारी घट्ट आमटी नि शेंगदाण्याची चटणी, रात्री अख्खा मसूर किंवा पिठलं, मधे मूठभर फुटाणे: एवढ्यात हिशोब जुळतो, सोया खाल्लं नाही तरी. दूध सोडल्यावर कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास) आणि तीळ रोजच्या रोज. उसळीवर लिंबू पिळायचं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नाही.

बी-१२ ची मात्र कुठलीही भाजी, डाळ किंवा इडलीचं आंबलेलं पीठ खात्रीने भरपाई करू शकत नाही. स्पिरुलिनाही नाही. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्याला ते गोळीतून किंवा बी-१२ मिसळलेल्या पदार्थातून घ्यावंच लागतं, यात ‘मला चालतंय’ असं नसतं. कमतरता हळूहळू येते आणि नसांवर परिणाम करते. केस गळणं, वजन उतरणं, थकवा यांची कारणं मी पत्रावरून ओळखू शकत नाही. डॉक्टरांकडे जा, आठ महिन्यांत काय काय सोडलंय ते स्पष्ट सांगा, हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. हे पत्र वाचून झाल्यावर, याच आठवड्यात.

एवढं नकलेचं झालं. पण मला तुम्हाला विचारायचंय, मटणाच्या जागी मटणासारखंच काही का हवं? आपल्याकडे रश्श्याला तोलामोलाचे सोबती आधीपासून आहेत. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातली मासवडी घ्या: नावात मास, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, बाहेर बेसन आणि बरोबर जाळ रस्सा. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या खानावळींत ती मिळते, तुम्हाला तर एका सुट्टीत जाऊन येण्यासारखी. विदर्भ-खानदेशात पाटवडी रस्सा. कऱ्हाड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर (ढाब्यावर ‘बटर नको’ हे ओरडून सांगा). फरसाण-कट असलेली कोल्हापुरी मिसळ, जिला दह्याची गरज कधीच नव्हती. कोकणातल्या वाचकांनी तर तक्रारच करू नये. काळ्या वाटाण्याचं सांबार नि वडे समोर आले की कोंबडीची आठवण काढणारे थोडे. माशासाठी जीव तळमळत असेल तर नीरफणसाचे किंवा सुरणाचे काप आगळ-मसाला लावून, रव्यात घोळून तळा आणि ओल्या खोबऱ्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घाला. बांगड्याच्या तिखल्याचा निम्मा वास त्या तिरफळांचाच असतो. ओल्या काजूची उसळ, आठळ्या, गोव्याचं खतखतं... ही यादी मी आवरते.

दुधाबद्दल थोडंच, कारण तुमची तक्रार त्याबद्दल फारशी नाही. सोलकढी ताकाची जागा सहज घेते. चहात सोयाचं दूध फाटतं म्हणून पुष्कळजण हात टेकतात. चहा उकळून, गाळून घ्या आणि मग वेगळं गरम केलेलं दूध त्यात ओता, दोन्ही एकत्र उकळू नका. ओटचं दूध तुलनेने कमी कुरकुर करतं. मला विचाराल तर गवती चहा घातलेला कोरा चहा या सगळ्या खटाटोपापेक्षा बरा.

राहिला नवरा. घरात मटण शिजणार नाही, असं तुम्ही ‘जाहीर’ केलंत, हा शब्द तुमचाच आहे. तुम्ही ते शिजवणार नाही, आणणार नाही, भांडी घासणार नाही, हा तुमचा पूर्ण हक्क. पण घर दोघांचं आहे, आणि त्यात काय शिजेल हे एकाने ठरवलं की दुसरा बाहेर जेवणारच. तुम्हाला वास सहनच होत नसेल तर तसं बोला, कदाचित तो स्वतःहून बाहेर खाणं पसंत करेल आणि मग त्यात रुसवा राहणार नाही. सहन होत असेल तर मी म्हणेन वाटण एक, पातेली दोन. तांबड्या रश्श्याचा पाया, म्हणजे वाटण, चटणी, तेल आणि मशरूमचं अळणी पाणी, सगळा एकत्रच करा. तो पूर्ण तुमच्या नियमात बसणारा आहे. तो दोन पातेल्यांत वाटला की तुमच्यात परतलेल्या वड्या किंवा फणस, त्याच्यात त्याने स्वतः वेगळं शिजवलेलं मटण. पळ्या वेगळ्या. रविवारी दोघं एकाच वेळी, एकाच टेबलावर भाकरी मोडाल, आणि तो बाहेर जातो याचंच तर तुम्हाला मटणाच्या चवीपेक्षा जास्त लागलंय, असं पत्राच्या दुसऱ्या पानावरून मला वाटतं.

हे दोन पातेल्यांचं सासूबाईंना शिकवावं लागणार नाही. पश्चिम महाराष्ट्रात मटण खाणाऱ्या घरांतही एखादा माळकरी सासरा, एखादी माळकरी चुलतसासू असते. तिच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी, रस्सा आधी काढून ठेवणं, हे सगळं त्या घरात मुकाट्याने चालतं आणि त्याला कुणी फॅड म्हणत नाही. तुम्ही फोनवर व्हीगन, पर्यावरण, डेअरी उद्योग असं काय काय समजावत बसलात. त्याऐवजी ‘आई, माळकऱ्यासारखं माझं वेगळं काढा, फक्त दूध-तूपही नको’ एवढंच सांगितलं असतं तर कदाचित निम्मी चिडचिड टळली असती. श्रावणात त्या महिनाभर काय रांधतात तेही विचारा. त्यांच्याकडून शिकायला गेलात तर त्या शिकवतील. वाद घालायला गेलात तर त्याही कोल्हापूरच्याच आहेत.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर? मांस सोडलेलं टिकलं आणि चहातलं दूध सुटलं नाही, किंवा गावी गेल्यावर भाकरीवरचं तूप चाललं नि पुण्यात नाही, अशी माणसं पुष्कळ आहेत. कमी केलेलंही कमीच झालेलं असतं. फक्त हा निर्णय नीट जेवून, तब्येत सावरल्यावर घ्या. आठ महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला कुठलंच तत्त्व झेपत नाही, आणि त्या भरात मटण खाल्लंत तर दोष तत्त्वाला द्याल.

कोल्हापूरला पुढच्या वेळी जाल तेव्हा धुतलेला, पिळलेला, मसाला चोळलेला सोयाचा चुरा डब्यात घेऊन जा आणि आदल्या दिवशी फोन करून रस्सा मटण किंवा त्याचं अळणी पाणी पडायच्या आधी काढून ठेवायला सांगा. तुपाचंही तेव्हाच सांगा. तिकडे भाकरीवर ते विचारून वाढत नाहीत.